मजूरमंत्री बाबासाहेब : कामगाराच्या दुःखाचे कारण शोधणारा महामानव

गेल्या सुगीतली गोष्ट. बाजरीची मळणी चालली होती. आमच्या शाळेतील एका मुलाचे वडील मळणीयंत्रावर मजुरीने घास टाकत होते. रात्र बरीच झाली होती. कणसांबरोबर हात आत ओढला गेला आणि मनगटापासून गेला. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. घरात भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर, कोनाड्यात मेणबत्ती. दोनच वर्षांपूर्वी या कुटुंबाने दीक्षा घेतलेली. त्या माऊलीने डोळे पुसत मला सांगितले, "गुरुजी, नशिबात होतं, ते झालं."

मी काही बोललो नाही. ती वेळ बोलण्याची नव्हती. पण घरी परतताना एक विचार मनातून जाईना. आपण त्रिशरण घेतले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देवघरातले देव नदीत सोडले. मात्र नशीब हा शब्द अजून घरातच राहिला आहे. त्या यंत्राची घास टाकायची तोंडी आखूड होती, वर झाकण नव्हते, माणूस पहाटेपासून राबत होता आणि यंत्र बंद करायला जवळ कोणी नव्हते. ही चार कारणे डोळ्यांसमोर असताना आपण पाचवे, न दिसणारे कारण शोधतो. म्हणून या अंकात परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने सांगावेसे वाटते. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते चार वर्षे या देशाचे मजूरमंत्री होते आणि कष्टकऱ्याचा देह का झिजतो याचा त्यांनी सरकारी पातळीवर शोध घ्यायला लावला, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार व लष्करी शाळेत शिक्षक. शिस्त, वाचन आणि मेहनत यांचे संस्कार त्यांच्यापासूनच मिळाले. साताऱ्यात बालपण गेले. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या गिरणगावात राहू लागले. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी. ए. आणि १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. त्यानंतर लंडन. १९२३ साली ते डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन परतले.

एवढ्या पदव्या घेतलेला हा माणूस राहत कोठे होता? परळच्या पोयबावडीला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत. १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातील वर्षे सोडली तर, त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की चाळ जागी होई. पाळी सुटली की डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेली माणसे जिने चढत. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसे अशाच चाळींतून राहिली. एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, मजल्याला मोजके नळ आणि रात्रभर खोकणारे कोणीतरी. कामगारांची स्थिती बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. माता रमाई आणि बाबासाहेब यांची पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला.

गिरणीच्याही आधी आपल्या लोकांची एक नोकरी होती. ती म्हणजे गावकीची. महार वतनात कामाला तास नव्हते. रात्रीअपरात्री सांगावा घेऊन पळावे लागे, मेलेली जनावरे ओढावी लागत. घरचा कर्ता आजारी असेल तर बाप, भाऊ, बायको यांपैकी कोणीतरी हजर व्हावे लागे. मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. आजारपणाची सुटी हा शब्दच तेथे नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे व मृत मांस खाणे सोडण्याचा उपदेश केला. स्वाभिमानाची गोष्ट तर ती होतीच, पण तिला आरोग्याचीही बाजू होती. जनावर कोणत्या रोगाने मेले हे न पाहता ज्याला ते उचलावे लागे, त्याच्या घरात तो रोग शिरायला वेळ लागत नसे. १९२८ साली वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. ही वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. या संपात बाबासाहेबांनी एक प्रश्न लावून धरला. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात का घेत नाहीत? साच्यावरचा पगार अधिक होता. आपल्या माणसाला मात्र सूतकताईच्या व इतर कमी पगाराच्या खात्यांत ठेवले जाई. त्याचे कारण असे सांगत की, धोट्यातील सूत संपले की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. तेव्हा अस्पृश्याचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता.

वाचक बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबून विचार करा. तोंडाने धोटा ओढण्याची हीच रीत इंग्लंड-अमेरिकेतही होती. तेथे लोकांनी प्रश्न केला तो असा की, यातून एकाचा क्षय दुसऱ्याला होईल काय, कापसाची धूळ छातीत जाईल काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ साली असे धोटे वापरण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडे प्रश्न विचारला गेला तो विटाळाचा. रोग सर्वांच्या तोंडात सारखाच जात होता, पण त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. जात दिसत होती, जंतू दिसत नव्हते. जातिभेद माणसाला अपमानित करतो हे आपण जाणतो. तो माणसाला आंधळाही करतो आणि ज्याने भेद केला त्याच्याही फुप्फुसाचे नुकसान करतो, हे या धोट्याने दाखवून दिले.

जुलै १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता व विश्रांती देणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात चर्चेला आले. विरोधकांचे म्हणणे होते की यामुळे कारखानदारीवर बोजा पडेल. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विसावा मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, हा खर्च सरकारने उचलला पाहिजे, पण जोवर सरकार तो उचलत नाही तोवर जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने त्याचा भार सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. देशात तो पहिलाच होता.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. त्याच वर्षी संपाच्या हक्काला बांध घालणारे विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबरला त्यांनी इतर कामगार पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, ही त्यांची भूमिका होती.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. जून १९४६ पर्यंत हे खाते त्यांच्याकडे होते. महायुद्धाचा काळ होता, कारखाने रात्रंदिवस चालत होते. ऑगस्ट १९४२ मध्येच सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसवणारी परिषद दिल्लीत भरली. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो कामगारही निर्णयाच्या जागी बसला पाहिजे, ही रीत तेथून रुजली.

मंत्री झाल्यावर पुष्कळ लोक घोषणा करतात. बाबासाहेब मूळचे संशोधक. प्रथम माहिती, मग उपाय, ही त्यांची पद्धत. मार्च १९४३ मध्ये प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांनी १९४४ साली अहवाल दिला. फेब्रुवारी १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. या समितीने ३८ उद्योगांची पाहणी केली. कापड गिरण्या, ताग, खाणी, चहाचे मळे आणि गोद्या तर तिने पाहिल्याच, शिवाय विडी कारखाने, कातडी कमावण्याचे कारखाने, नगरपालिकांचे कामगार आणि माणसाने ओढायच्या रिक्षाही तिच्या पाहणीत होत्या. म्हणजे ज्या कामांत आपलीच माणसे अधिक होती, ती कामेही प्रथमच सरकारी दप्तरात मोजली गेली. मजुरी किती, तास किती, पाणी व संडास आहे की नाही, घर कसे आहे, अपघात किती होतात, हे जागेवर जाऊन लिहून घेतले गेले. अहवाल १९४६ साली पूर्ण झाला. १९४५ साली कारखान्यांच्या सुरक्षिततेबाबत सल्ला देण्यासाठी मुख्य कारखाना सल्लागाराचे कार्यालयही केंद्रात सुरू झाले. मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था पुढे याच कार्यालयाच्या परिवारात वाढली.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. काढलेल्या कोळशावर कर बसवून त्या पैशातून दवाखाने, हिवतापाचा बंदोबस्त, पिण्याचे पाणी व घरे यांची सोय करायची, अशी ती योजना होती.

याच खाणींच्या संदर्भात एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे केवळ आरती नव्हे. स्त्रियांना भुयारात कामाला लावण्यास पूर्वी बंदी झाली होती. युद्धात कोळशाची टंचाई पडली म्हणून १९४३ साली सरकारने ती उठवली. देशभर टीका झाली. १९४४ साली विधिमंडळात मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना या निर्णयाचे समर्थन करावे लागले. हा उपाय तात्पुरता आहे आणि त्या कामासाठी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही बाजू त्यांनी मांडली. भुयारात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९४५ साली सुधारण्यात आला आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. टीका करणाऱ्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. तात्पुरते म्हणून दिलेला शब्द त्यांच्याच कारकिर्दीत पाळला गेला, हेही तितकेच खरे.

आता या चार वर्षांची गोळाबेरीज पाहा. १९४५ साली कारखान्यातील कामगाराला वर्षाकाठी पगारी सुटी मिळाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले, त्याचा कायदा १९४८ साली झाला. आडारकर योजनेतून राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. हे पुढचे कायदे होताना मजूर खाते बाबासाहेबांकडे नव्हते. पण पाया कोणाच्या काळात घातला गेला, हे विसरता येत नाही. पुढे राज्यघटनेत बेठबिगारीला बंदी, चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांत ठेवण्यास मनाई, कामाच्या जागी न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतीसाठी साहाय्य ही कलमे आली.

धम्माचा अभ्यास करणाऱ्याला येथे एक प्राचीन प्रसंग आठवतो. राजगृहात सिगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करी. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. खालची दिशा म्हणजे आपले नोकर व कामकरी. त्यांच्याविषयी मालकाची पाच कर्तव्ये भगवंतांनी सांगितली. शक्ती पाहून काम द्यावे, पोटभर अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात गोडधोड झाले तर वाटून द्यावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी. या यादीशेजारी १९४२ ते १९५२ ची यादी ठेवून पाहा. शक्तीप्रमाणे काम म्हणजे ४८ तास, वेतन म्हणजे किमान वेतन, शुश्रूषा म्हणजे कामगार विमा, सुटी म्हणजे पगारी रजा. बाबासाहेबांनी ते सूत्र समोर ठेवून कायदे केले असे मी म्हणत नाही. परंतु जो माणूस पुढे बुद्धाकडे गेला, त्याची पावले आधीपासून कोणत्या वाटेने चालली होती, हे यावरून दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी त्यांचा देह आधीच पोखरला होता. दुसऱ्यांच्या कामाचे तास मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कामाचे तास कधी मोजले नाहीत.

आपल्या तालुक्यांकडे वळू या. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी-खोदकामे आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा ही नावे आपण रोज घेतो. तेथील शिलालेखांत राजांपेक्षा साध्या माणसांची दाने अधिक आढळतात. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी असे उल्लेख त्या दगडात आहेत. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातले कारागीर एकत्र येऊन श्रेणी करत आणि ती श्रेणी धम्माला दान देई. एकजूट आणि धम्म या दोन गोष्टी या मातीला नवीन नाहीत.

आज याच खोऱ्यात द्राक्षबागेत व टोमॅटोच्या वावरात उघड्या तोंडाने औषध फवारणारा मजूर कोण आहे? उसाच्या फडात अंधारात वाकणारी, जिला बिबट्याची भीती असते, ती बाई कोण आहे? धरणाच्या, रस्त्याच्या कामावर दगडाची धूळ गिळणारा कोण आहे? कारखान्याचे कायदे शेतातल्या मजुरापर्यंत क्वचितच पोचले. १९६८ साली कीटकनाशकांचा आणि १९८३ साली मळणीयंत्रासारख्या धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत यंत्राने चालणारी शेतीची कामेही आली. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही.

म्हणून प्रत्येक बौद्ध कुटुंबाने निदान इतके करावे. अपघात झाला तर तारीख, वेळ, जागा, यंत्र आणि काम देणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरांचा कागद जपून ठेवावा. फवारणी करणाऱ्याने तोंडाला फडके, अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेचे भान आणि घरी आल्यावर आधी आंघोळ, हा नेम शीलासारखा पाळावा. मळणीयंत्राची तोंडी पुरेशी लांब व वरून झाकलेली नसेल तर काम सुरू करण्याआधीच बोलावे, आणि एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून बोलावे. विहारात पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे या गोष्टींसाठी ठेवावीत. लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांच्या कामाची, तासांची व दुखण्यांची नोंद करावी. रेगे समितीने देशासाठी जे केले, ते आपण आपल्या वस्तीपुरते करू शकतो.

काही दिवसांनी मी त्या घरी पुन्हा गेलो. मुलगा वही घेऊन बसला होता. मी त्याला सांगितले, त्या रात्री काय काय झाले ते क्रमाने लिही. त्याने लिहिले. तोंडी आखूड होती. झाकण नव्हते. बाबा पहाटेपासून कामावर होते. बटणाजवळ कोणी नव्हते. माऊली शेजारी बसून ऐकत होती. चौथे वाक्य वाचून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे टळलं असतं."

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे भगवान बुद्धांनी सांगितले. बाबासाहेबांनी तेच गिरणीत, खाणीत आणि कायद्याच्या पुस्तकात नेऊन दाखवले. त्या माऊलीच्या घरातून नशीब हा शब्द त्या संध्याकाळी बाहेर पडला. हात परत येणार नाही. पण पुढच्या सुगीत त्या यंत्रावर दुसरा कोणी उभा राहील, त्याचा हात वाचवणे आपल्या हाती आहे.

जय भीम.